झिजण्यासाठी घडवलेला खांब : ग्राफाइट इलेक्ट्रोडवरील पुस्तिकेची प्रस्तावना

ग्राफाइट इलेक्ट्रोड किती दिवस टिकतो, असे विचारले तर भट्टीवरचा जाणकार माणूस दिवस सांगत नाही. तो उलट विचारतो : भट्टी केवढी, करंट किती, भंगार कसले, झाकणातून हवा किती आत शिरते? ही टाळाटाळ नव्हे. यापेक्षा खरे उत्तर देताच येत नाही. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वखराची पास किती महिने चालते असे त्याला कोणी विचारत नाही. किती एकर वखरले, जमीन काळी की मुरमाड, ओल होती की कोरडे, यावर पासेची झीज ठरते. आणि पास कितीही चांगल्या लोखंडाची असली तरी दगडाला अडली की वाकते. या पुस्तिकेचे प्रतिपादन याच वळणाचे आहे. इलेक्ट्रोडचे आयुष्य कारखान्यातून ठरून येत नाही. ते वापराच्या जागी, वापरणाऱ्याच्या हातून घडते, आणि म्हणून ते दिवसांत न मोजता कामाच्या मापाने मोजले पाहिजे. हे वाक्य सोपे दिसते, पण ते गांभीर्याने घेतले तर खरेदीपासून भंगाराच्या ढिगापर्यंत बऱ्याच गोष्टींकडे पाहण्याची नजर बदलते.

बोरी अरबच्या वाचकाने या विषयात का शिरावे, हा प्रश्न रास्त आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारा हा भाग. जिल्ह्यात वणीचा कोळसा आहे, चुनखडी आहे, मुकुटबनला सिमेंट आहे. पोलाद बाहेरून येते. पण ते रोज येते आणि रोज जातेही. ट्रॉलीचा कमानपाटा, गिअर, बेअरिंग, ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल यांना लागणारे मिश्रधातू पोलाद बव्हंशी विद्युत आर्क भट्टीच्या वाटेने बनते. विदर्भातच, भंडारा जिल्ह्यातल्या वरठीला सनफ्लॅगचा कारखाना असे पोलाद करतो. खोपोलीला महिंद्र युजिनने १९६०च्या दशकात याच वाटेने सुरुवात केली. तुटलेला कमानपाटा लोहाराकडे जातो आणि विळा, कुऱ्हाड किंवा वखराची पास होऊन परत शेतात येतो. तीही झिजून संपली की भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि कुठल्यातरी भट्टीकडे निघते. ती आर्क भट्टी असेल, तर हे लोखंड पुन्हा वितळवणारी वीज ग्राफाइटच्या खांबातूनच खाली उतरते. गावातून गेलेले भंगार त्या खांबाच्या आयुष्यावर थेट परिणाम करते, हे पुढे दिसेल. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. दोन कार्बन टोकांमधल्या फटीतून वीज गेली की आर्क पेटतो, म्हणजे प्रखर उजेड आणि उष्णता निघते, हे हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले. त्या उष्णतेवर पोलाद वितळवणारी व्यवहारी भट्टी फ्रान्सच्या पॉल एरू यांनी १९००च्या सुमारास उभी केली. १८८६मध्ये विजेने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधणाऱ्या दोघांपैकी एक तेच. साधा भाजलेला कार्बन मात्र मोठा करंट नीट वाहून नेत नाही. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी कार्बनला विजेनेच अतितप्त करून कृत्रिम ग्राफाइट बनवले आणि १८९६मध्ये त्याचे पेटंट घेतले; आजच्या इलेक्ट्रोडचे मूळ तिथे आहे. पोलादाच्या भट्टीतल्या या खांबांत खाणीतले ग्राफाइट वापरत नाहीत. कच्चा माल असतो नीडल कोक, म्हणजे तेलशुद्धीकरणात उरलेल्या जड तेलापासून किंवा कोळशाच्या डांबरापासून केलेला, सुईसारख्या लांबट रचनेचा कोक. तो भाजून, दळून, चाळून कोळशाच्या पीचमध्ये, म्हणजे घट्ट डांबरात, गरम कालवतात, दाबाने दंडगोल काढतात आणि तो ८०० ते १००० अंशांवर सावकाश भाजतात. भाजताना पीचमधले वायू निघून गेल्याने भोके पडतात. ती भरायला पुन्हा पीच पाजतात, पुन्हा भाजतात, आणि मग २८०० ते ३००० अंशांपर्यंत तापवतात. तिथे कार्बनचे अणू थरांत बसतात आणि कोकचे ग्राफाइट होते. शेवटी लेथवर दोन्ही टोकांना आतून निमुळते आटे पाडतात. या सगळ्याला तीन ते सहा महिने लागतात. महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूरला ग्राफाइट इंडियाचा कारखाना आहे, त्याच कंपनीचा मोठा कारखाना पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरला आहे, आणि भोपाळजवळ मंडीदीपला एचईजीचा. सहा महिने खपून केलेली वस्तू भट्टीत दोन-तीन दिवसांत संपते, हे ऐकून पहिल्यांदा नवल वाटते. मग ती वाया गेली असे वाटू लागते. ते मात्र खरे नाही.

ग्राफाइटच का, याचे उत्तर इथेच देऊन टाकावे. तांबे वीज फार चांगली नेते, पण १०८५ अंशांना वितळते. टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत तग धरतो, पण तो अतिशय जड आणि महाग. कार्बन साधारण दाबाखाली वितळतच नाही; ३६०० अंशांच्या पुढे त्याची थेट वाफ होते. शिवाय बहुतेक पदार्थ तापले की दुबळे होतात, ग्राफाइट मात्र २५०० अंशांच्या आसपासपर्यंत उलट बळकट होत जाते. त्याचा एकच मोठा दोष : हवेत सुमारे ५०० अंशांच्या पुढे ते जळू लागते. पुढची बरीचशी कहाणी या एका दोषाची आहे.

आता मूळ मुद्दा. एकाच जातीचा पदार्थ जागा बदलली की किती वेगळे आयुष्य जगतो ते पाहा. टॉर्चचा जुना जस्त-कार्बन सेल फोडला की मधोमध काळी कांडी निघते. ती कार्बनची. सेलमधल्या रासायनिक क्रियेत ती भाग घेत नाही, फक्त वीज बाहेर आणते. जस्ताचे भांडे खाऊन जाळी पडते, सेल पाझरतो, फेकला जातो, आणि कांडी होती तशी राहते. आता क्लोरीनचे कारखाने घ्या. मिठाच्या द्रावणात वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा करताना अनेक दशके ग्राफाइटचे धन ध्रुव वापरले गेले. तिथे तयार होणारा थोडा ऑक्सिजन ग्राफाइट हळूहळू खात असे. दोन ध्रुवांमधले अंतर वाढे, तेवढेच क्लोरीन काढायला जास्त व्होल्टेज लागे, म्हणजे वीजबिल वाढे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेप दिलेले टायटॅनियमचे ध्रुव आले आणि ग्राफाइट त्या उद्योगातून जवळजवळ हद्दपार झाले. झिजणारी वस्तू सहन करायची की नाही, हे झिजण्याने बाकीच्या कामाचे काय होते यावर ठरते, असा धडा या इतिहासात आहे. तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. भोसरी-चाकणच्या डाय बनवणाऱ्या शॉपमध्ये ईडीएम यंत्रावर, म्हणजे ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या यंत्रावर, लहानसा ग्राफाइट इलेक्ट्रोड लावतात. ठिणगी लहान आणि तीक्ष्ण ठेवली तर इलेक्ट्रोड लवकर झिजतो. इलेक्ट्रोड धन ध्रुव ठेवून ठिणगीचा कालावधी वाढवला तर डायलेक्ट्रिक तेलातला कार्बन इलेक्ट्रोडवरच बसत राहतो आणि झीज जवळजवळ शून्यावर येते. यंत्र तेच, इलेक्ट्रोड तोच, तेल तेच. फरक फक्त चालवणाऱ्याने लावलेल्या सेटिंगचा.

पोलादाच्या भट्टीत इतके सुख नाही, कारण तिथे झीज शून्यावर आणता येत नाही. पण ती किती असावी हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. म्हणून पोलादवाले इलेक्ट्रोडचे आयुष्य टनामागे किलो या मापाने सांगतात : एक टन पोलाद काढायला किती किलो ग्राफाइट गेले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा आकडा पाच-सहा किलोंच्या घरात असे. आज चांगल्या भट्ट्या एक ते दोन किलोंत काम करतात, आणि नुसत्या शुद्धीकरणाच्या लॅडल फर्नेसमध्ये खप अर्ध्या किलोहूनही कमी असतो. हिशेब करून पाहू. ६०० मिलिमीटर व्यासाचा आणि २४०० मिलिमीटर लांबीचा इलेक्ट्रोड सुमारे साडेअकराशे किलो भरतो. भट्टी ६० टनांची आणि खप दीड किलो धरला तर एका हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला, ९० किलो ग्राफाइट जाते, म्हणजे भट्टीतल्या तीन खांबांपैकी प्रत्येकाचे ३०. त्या हिशेबाने एक इलेक्ट्रोड ३८ हीट पुरतो. खप अडीच किलोंवर गेला की तोच इलेक्ट्रोड २३ हीटमध्ये संपतो. शिवाय खांब खालून झिजत असतानाच वरून नवा इलेक्ट्रोड आट्यांनी जोडत जातात. आज वर चढवलेला तुकडा कामाच्या टोकाशी पोहोचायला खालचे तुकडे संपावे लागतात. त्यामुळे सुट्या इलेक्ट्रोडचे वय विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते खांब किती वेगाने खाली सरकतो हे.

हा वेग तीन वाटांनी वाढतो. पहिली वाट टोकाची. आर्कच्या तळाशी ग्राफाइटची वाफ होते आणि ही झीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० हजार अँपिअरवरून ४५ हजारांवर आलो तर टोकाची तासाची झीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते. तेवढीच शक्ती हवी असेल तर व्होल्टेज वाढवून आर्क लांब करावा लागतो. लांब आर्क उघडा राहिला तर भट्टीच्या भिंती भाजून काढतो, म्हणून स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या पोलादावरच्या मळीत, कोळशाची पूड आणि ऑक्सिजन सोडून ते फेसाळ करतात आणि आर्क त्या फेसात बुडवून ठेवतात. म्हणजे इलेक्ट्रोड वाचवण्याची एक मोठी किल्ली स्लॅग सांभाळणाऱ्याच्या हातात आहे. दुसरी वाट बाजूंची. तापून लाल झालेल्या खांबाला हवा लागते आणि तो चारी बाजूंनी जळून निमुळता होतो. स्लॅगचे दार विनाकारण उघडे राहिले, धूर ओढणारा पंखा गरजेपेक्षा जोरात चालला, झाकणातली भोके रुंदावली की ही झीज वाढते. खांब धरणाऱ्या होल्डरच्या खाली खांबावर पाण्याची पातळ धार सोडली की ती कमी होते. एकूण खपात टोक आणि बाजू यांचाच वाटा सर्वांत मोठा.

तिसरी वाट मोडण्याची. इथे भंगाराचा संबंध येतो. आर्क भट्टीतला नियंत्रक इलेक्ट्रोड हळूहळू खाली सोडतो आणि टोक लोखंडाला लागून करंट सुरू झाला की थांबवतो. टोकाखाली वीज न नेणारी वस्तू आली, उदाहरणार्थ पाडलेल्या घराच्या सळईला चिकटलेला काँक्रीटचा गोळा, तर करंट सुरूच होत नाही. नियंत्रकाला वाटते, अजून लोखंड लागले नाही. तो खांब आणखी दाबतो आणि हजारभर किलोंचा खांब जोडाशी मोडतो. तसेच जड ठोकळे भंगार भरायच्या बास्केटमध्ये वर टाकले तर खालचे भंगार वितळताच ते कलंडून खांबावर पडतात. म्हणून जाणते लोक हलके भंगार तळाशी आणि वर, जड मध्ये, असे रचतात. भंगार निवडणाऱ्या आणि बास्केट भरणाऱ्या मजुराचे कौशल्य इलेक्ट्रोडच्या खपाच्या आकड्यात उतरते. पगारपत्रकात ते क्वचितच दिसते, आणि हे मला मनापासून खटकते.

जोडाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये दोन्ही टोकांना निमुळता, आटे पाडलेला निपल बसतो. जोडण्याआधी सॉकेट, म्हणजे इलेक्ट्रोडच्या टोकाचे आटे पाडलेले भोक, दाबाच्या कोरड्या हवेने फुंकून काढायचे, कारण आट्यात अडकलेली चिमूटभर धूळसुद्धा दोन तोंडे एकमेकांना टेकू देत नाही. मग ठरलेल्या टॉर्कने आवळायचे. तोंडांमध्ये केसाएवढी फट राहिली की सगळा करंट निपलमधून धावतो, निपल बाजूच्या भिंतीपेक्षा जास्त तापतो, फुगतो आणि सॉकेट आतून फाडतो. विजेच्या तीन फेजचा क्रमही इथे महत्त्वाचा. भट्टीतले चुंबकीय बल खांबाला किंचित पिळते. फेजचा क्रम योग्य असेल तर हा पीळ जोड आवळत जातो, उलटा असेल तर सैल करत जातो. एक केबल चुकीच्या जागी जोडली गेली तर महिनाभर जोड निखळत राहतील आणि दोष इलेक्ट्रोड बनवणाऱ्याच्या माथी मारला जाईल.

इथे पहिला आक्षेप येतो : मग काय, सगळे इलेक्ट्रोड सारखेच? अजिबात नाही. नीडल कोकची सुई नीट नसेल तर इलेक्ट्रोड उष्णतेने जास्त फुगतो आणि तडकतो. दुसऱ्यांदा पीच पाजायचा टप्पा वगळला तर भोके राहतात आणि हवा आत शिरते. निपलचा दर्जा हलका असेल तर वरचे सगळे नियम पाळूनही जोड तुटतो. मोठ्या करंटवर साध्या प्रतीचा इलेक्ट्रोड लावणे ही चूकच. पण दर्जा कमाल मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या किती जवळ पोहोचायचे हे भट्टी ठरवते. २०१७मध्ये चीनने निकृष्ट पोलाद काढणाऱ्या इंडक्शन भट्ट्या बंद केल्या, आर्क भट्ट्यांची मागणी वाढली, त्याच वेळी लिथियम बॅटऱ्यांनाही नीडल कोक हवा होता, आणि इलेक्ट्रोडचे भाव काही महिन्यांत अनेक पटींनी चढले. पैसे देऊनही माल मिळेना अशा काळात टनामागे अर्धा किलो वाचवणारी शिस्त हीच खरी शिल्लक असते, कारण ती कुठल्याही देशातून आयात करावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. खपाच्या एकाच आकड्यामागे लागलो तर नुकसानही होऊ शकते. करंट कमी केला, व्होल्टेज वाढवले नाही आणि हीट दहा मिनिटे लांबली, तर त्या दहा मिनिटांत बाजूंनी जळणारे ग्राफाइट टोकाची बचत खाऊन टाकते. शिवाय वीज आणि भट्टीचे अस्तर जास्त जाते ते वेगळेच. तसेच दोन कारखान्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निकाल देणेही धोक्याचे. डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या भट्टीत वितळलेले कच्चे लोखंड ओततात आणि ऑक्सिजन फुंकतात. तिथे विजेचे काम मुळातच कमी, म्हणून खपही कमी. फक्त थंड भंगारावर चालणाऱ्या भट्टीने त्या आकड्याकडे पाहून खंत करण्याचे कारण नाही. आकड्याची तुलना आपल्याच भट्टीच्या गेल्या महिन्याशी करावी.

तिसरा आक्षेप : महाराष्ट्राची पोलादनगरी जालना, आणि तिथे तर बहुतेक इंडक्शन भट्ट्या आहेत; त्यांना वितळवायला इलेक्ट्रोड लागतच नाही. खरे आहे. गावात घर बांधताना येणारी सळई बऱ्याचदा त्याच वाटेने येते. पण इंडक्शन भट्टी वितळवते. भंगारासोबत आलेला फॉस्फरस काढून टाकण्याची तिची कुवत फार थोडी. शुद्धता हवी तिथे आर्क भट्टी किंवा निदान लॅडल फर्नेस लागते, आणि दोन्हींत ग्राफाइट आहे. चंद्रपूरच्या फेरो-अ‍ॅलॉय भट्टीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नॉर्वेत शोधलेला सोडरबर्ग इलेक्ट्रोड चालतो : लोखंडी नळकांड्यात कार्बनची लापशी ओतत राहायची आणि ती भट्टीच्याच उष्णतेने खाली जाताना भाजून घट्ट होते. नळकांड्याचे लोखंड सिलिकॉन धातूत उतरलेले चालत नाही, मँगनीजच्या मिश्रधातूत चालते, म्हणून ही स्वस्त सोय तिथे शोभते. कामाप्रमाणे खांब निवडावा, याचा यापेक्षा चांगला दाखला विदर्भात दुसरा नाही.

शेवटचा आक्षेप हवेचा. कार्बन जाळून पोलाद करायचे हे आजच्या काळात कसे चालेल? टनामागचे दीड किलो ग्राफाइट पूर्ण जळले तर साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. झोतभट्टीच्या वाटेने एक टन पोलाद काढताना तो दोन टनांच्या आसपास निघतो. भंगारावर चालणारी आर्क भट्टी, वीज कशी बनली त्यानुसार, त्याच्या एका लहान हिश्श्यात भागवते. यवतमाळ-चंद्रपूरच्या कोळशाची वीज असेल तर हा फायदा आक्रसतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो दोष विजेच्या उगमाचा आहे. भट्टीतल्या जळण्यापुरते इलेक्ट्रोडच्या खात्यावर ते साडेपाच किलोच टाकता येतात.

मोडलेले तुकडेही लगेच मातीत जात नाहीत. ते दळून ओतकामाच्या भट्टीत लोखंडातला कार्बन वाढवायला वापरतात. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या शहरांत अशा कार्बनला कायम गिऱ्हाईक असते. म्हणजे वितळवण्यासाठी घडवलेले ग्राफाइट एखाद्या पंपाच्या बिडाच्या अंगातही जाऊन बसू शकते.

पुढची प्रकरणे यवतमाळ जिल्ह्यातल्या आयटीआयमधून बाहेर पडून बुटीबोरी, वरठी किंवा जालन्याच्या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. भट्टीवर गेल्यावर त्यांनी एक वही स्वतःची ठेवावी. तिच्यात तीन रकाने आखावेत : किती हीटनंतर नवा इलेक्ट्रोड जोडला, त्या हीटमध्ये एकूण किती टन पोलाद निघाले, आणि किती किलो मोडून गेले. मोडलेले वजन झिजेत मिसळू देऊ नये, आणि प्रत्येक मोडीपुढे त्या हीटच्या भंगारात काय होते ते लिहावे. तीन महिन्यांत ही वही इलेक्ट्रोड विकायला येणाऱ्या माणसापुढे उघडून ठेवण्याजोगी होईल.

बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ